वासराचा रंग

माझ्याकडे गाडीची किल्ली, बाकी काही नाही.
म्बाराराहून न्याबुशोझीच्या टेकड्यांपर्यंत
लाल धूळ, मागच्या सीटवर खोका,
खोक्यात पाण्याच्या जुन्या बाटल्या,
आत हिरवं मॉर्फिन.

ब्यामुगिशा ते पहाटे बादलीत ढवळतो,
लहान मुलासारखी जीभ दातांत धरून.
प्रत्येक झाकण दोनदा पिळून बघतो.
एकाही रुग्णाला तो कधी भेटलेला नाही,
पण मी परतलो की विचारतो:
काल कोण झोपलं?

रुतारेम्वा झोपत नव्हता.
कण्यात उतरलेला कॅन्सर.
साठ गुरांमागे चाललेले पाय
आता चादरीखाली दोन काठ्या.
नातुकुंडा सिस्टरनं मात्रा वाढवली. पुन्हा वाढवली.
कंपालाहून डॉक्टर सेबुन्या आले, वहीत आकडे मांडले,
म्हणाले, एवढ्यानं बैलसुद्धा पेंगला असता.
पाद्री कान्येसिग्ये म्हणाले, मनात काही सलतंय.
सिस्टर म्हणाली, सलतंय ते मणक्यात,
आधी ते बघू, मग आत्म्याचं.
हा वाद अंगणात चालला होता, हलक्या आवाजात,
म्हणून जास्तच झोंबणारा.
मी टायरमधली हवा बघत राहिलो. हवा ठीक होती.

उलगडा केला तो तिंद्येब्वाबाईनं.
गावचीच ती, शाळा चौथी,
पपईच्या बिया वाटून त्याचं पोट मोकळं ठेवणारी,
दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवणारी.
उशी झटकताना तिच्या हाताला ओला कोपरा लागला.
हिरवा.
रात्रीचा डोस तो उशीला पाजत होता.

कोणी ओरडलं नाही.
त्याची मुलगी क्यारिसीमा भिंतीकडे तोंड करून उभी,
तिला माहीत होतं.
म्हातारा म्हणाला, गाईचे दिवस भरलेत.
शेवटची गाय. मी झोपलो आणि ती अडली तर?

त्यावर वहीत आकडा नव्हता.
डॉक्टरांनी वही मिटली
आणि विचारलं, गाय अडली हे ओळखायचं कसं?
तिंद्येब्वाबाई हसली, पहिल्यांदाच.

तीन रात्री ती कुंपणात झोपली.
मी गाडी तिथेच लावली, तोंड गाईकडे करून.
ऑफिसात डिझेलवरून बोलणी खाल्ली.
पाद्री शेकोटीत लाकडं सारत राहिले,
प्रार्थना मागाहून, असं म्हणत.
सिस्टर दर संध्याकाळी खाटेशी बसायची,
चमचा पुढे करून सांगायची: बाहेर चौघं जागी आहेत.
मग तो तोंड उघडायचा.

तिसऱ्या पहाटे गाय व्यायली.
डॉक्टरांनी शेपूट धरलं होतं. त्याचा उपयोग काय झाला,
ते गाईलाच ठाऊक.

रुतारेम्वाला आता दिसत नव्हतं.
त्यानं एकेकाला जवळ बोलावून विचारलं, रंग कसा?
डॉक्टर म्हणाले, तपकिरी.
तो म्हणाला, हे कंपालाचं उत्तर झालं.
सिस्टर म्हणाली, भिजलेल्या विटेचा.
पाद्री म्हणाले, चर्चच्या बाकाचा, पॉलिश उडालेल्या.
तिंद्येब्वाबाई म्हणाली, नाचणीच्या आंबिलीत दूध सांडावं तसा.
क्यारिसीमानं फक्त त्याचं बोट उचलून
त्याच्याच कपाळावर टेकवलं: इथे पांढरा ठिपका.
शेवटी मला विचारलं. मी म्हणालो,
हेडलाइटमध्ये सगळंच पिवळं दिसतं, आजोबा.

बराच वेळ तो सगळं जुळवत होता.
ओठ हलत होते.
मग म्हणाला, म्हणजे अगदी तिच्या आजीसारखी,
आणि एक नाव घेतलं,
ते मी गाडीत कुणालाच सांगितलं नाही,
पण नंतर कळलं, प्रत्येकानं ते ऐकलं होतं.

अकरा दिवसांनी तो गेला.
शुक्रवारच्या बैठकीत फाइल मिटताना
एका कोपऱ्यावर हिरवा डाग होता. कोणी पुसला नाही.

पण ती पहाट सांगायची राहिली.
मी परत आलो. ब्यामुगिशा बादली धूत होता.
काल कोण झोपलं?
रुतारेम्वा, मी म्हणालो.
त्याचे हात थांबले.
नाही नाही, मी घाईनं म्हणालो,
नुसता झोपलाय. घोरतोय.